चमकी लावा, पण डबी उलटी करून वाचा

नवरात्र जवळ आली की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, ताई बायो ग्लिटर, म्हणजे ती निसर्गात कुजते म्हणून विकतात ती चमकी, कुठलं घेऊ? ठाण्यात जांभळी नाक्याला जा, गोखले रोडला जा नाहीतर तिकडे वाशीला जा, कॉस्मेटिकच्या दुकानात काउंटरवर आता हिरवं पान छापलेल्या इवल्याशा डब्या मांडलेल्या असतात, इको फ्रेंडली, बायो, वीगन, नॅचरल असं काय काय लिहिलेलं आणि किंमत साध्या चमकीच्या कितीतरी पट. तर माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. प्लास्टिकची चमकी तोंडाला लावणं बंद करा, पण तिच्या जागी बायो ग्लिटरच पाहिजे असं काही नाही, बहुतेक जणींचं काम साध्या मिनरल शिमरवर, म्हणजे अभ्रकासारख्या खनिजाच्या चमकदार पुडीवर, झकास होतं. आणि जिला खरंच ग्लिटरच लागतं, स्टेजवर नाचायचंय किंवा लांबून फोटो यायला पाहिजे वगैरे, तिने सेल्युलोजचं, म्हणजे झाडाच्या लगद्यापासूनचं, घ्यावं, पण ते हिरवं पान बघून नाही, डबीच्या मागचं वाचून.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी पुढचं.

मी नौपाड्यात राहते, पार्लर नाही माझं, घरूनच मेकअपच्या ऑर्डरी घेते. साखरपुडा, डोहाळजेवण, शाळांचं गॅदरिंग, गरबा, पाडव्याची शोभायात्रा. त्यामुळे चमकी हा माझ्या रोजच्या धंद्यातला विषय आहे, आणि मला चमकीचा रागबिग अजिबात नाही, हे आधी क्लिअर करते कारण असल्या पोस्टा वाचून लोकांना वाटतं की ही बाई आता सगळ्यांना मुलतानी माती लावून गरब्याला पाठवणार. नाही हो. चमकलं पाहिजे की! सणाला नाही चमकायचं तर कधी?

पण ही चमकी आहे काय ते आधी बघा. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते ना, पीईटी, त्याचीच अगदी पातळ फिल्म, त्याच्यावर अॅल्युमिनियमचा थर, त्याच्यावर रंगाचा थर, आणि मग मशीनवर त्याचे बारीक बारीक षटकोनी तुकडे. षटकोनीच का, तर ते एकमेकांना चिकटून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही. अमेरिकेत न्यू जर्सीला १९३४ च्या सुमारास एका मशीनवाल्याने हा उद्योग सुरू केला असं सांगतात. मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कण, आणि मेकअपमधली चमकी तर मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढी असते. म्हणजे पिशवी कशी आधी पिशवी असते, मग उन्हातान्हात फाटून तुटून वर्षानुवर्षांनी तिचे कण होतात, चमकीचं तसं नाही, ती कारखान्यातूनच मायक्रोप्लास्टिक म्हणून बाहेर पडते आणि आपण पैसे देऊन ते गालाला लावतो.

रात्री बारा-एकला गरब्याहून आल्यावर तोंड धुतलं की ती बेसिनमधून खाली. आपल्याकडे ठाण्यात काय नवी मुंबईत काय, सांडपाण्याचे प्लांट आहेत, नवी मुंबईचे तर चांगले म्हणून नावाजलेले आहेत, पण असल्या प्लांटमध्ये जे कण अडकतात ते गाळात बसतात, तो गाळ पुढे कुठेतरी मातीत जातो, आणि जे अगदी बारीक असतात त्यातले काही पाण्याबरोबर निसटतात. शिवाय सगळ्या वस्त्यांचं पाणी प्लांटपर्यंत पोचतंच असं कोण म्हणेल, नाले आपल्या डोळ्यांसमोर आहेत. मैदानात नाचताना जी गळते ती तर झाडू मारून थेट गटारात, आणि नवरात्रीत परतीचा पाऊस असतोच मदतीला. सगळ्याचा शेवट खाडीत. ठाण्याची खाडी म्हणजे आता नुसती पुलावरून जाताना खिडकी बंद करायची जागा राहिली नाहीये, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर साइट झाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपली खाडी आहे, ऐरोलीहून बोटीत बसून लोक बघायला जातात. फ्लेमिंगो खातो कसा माहितीये ना, मान वाकडी करून चोच उलटी चिखलपाण्यात घालतो आणि गाळून गाळून बारीक बारीक खातो. त्याच्या पोटात चमकी सापडली असं मी म्हणत नाहीये हं, उगाच माझ्या नावावर खपवू नका. मी एवढंच म्हणतेय की जिथे अख्खी जीवसृष्टी चिखल गाळून जगते तिथे आपण गाळता न येणारी वस्तू सोडतोय.

इथे माझी नणंद येते. नणंद राहते नेरूळला, गरब्याची हौस दांडगी, आणि तोंड माझ्यापेक्षा तिखट. ती म्हणाली, "वहिनी, खाडीत अख्खे सोफे वाहत येतात, गाद्या येतात, आणि तू माझ्या पापणीवरची चमकी मोजत बसलीयेस?"

खरं सांगू, मुद्दा बिनतोड आहे. सगळ्या प्लास्टिकच्या कचऱ्यात मेकअपच्या चमकीचा वाटा चिमूटभरच असणार, टायरची झीज, सिंथेटिक कपड्यांचे धागे, पिशव्या यांच्यापुढे ती कुठेच नाही, आणि जो कोणी तुम्हाला सांगेल की ग्लिटर सोडा, समुद्र वाचेल, त्याला खुशाल हसा. पण मी नणंदेला म्हटलं, अगं सोफा दिसतो तरी. किनारा सफाईला कॉलेजची पोरं येतात, हातमोजे घालून पिशव्या उचलतात, थर्माकोल उचलतात, सोफासुद्धा दहा जण मिळून ओढून काढतील. चमकी कोण उचलणार आणि कशाने? एकदा पाण्यात गेली की विषय संपला, ती फक्त बेसिनच्या अलीकडेच थांबवता येते. आणि दुसरं म्हणजे ही सोडायला सोपी आहे. टायर मी काय सोडू, रिक्षा तर लागणारच, पॉलिस्टरचा पंजाबी ड्रेस माझ्या अख्ख्या कपाटात आहे. चमकीला पर्याय मात्र हजर आहे, आणि तो दिसायला खरंतर जास्त चांगला आहे, त्याच्यावर येतेच.

नणंद अजून पटली नाहीये. पण मागच्या वेळी तिने माझ्याकडचा शिमर मागून नेला आणि परत केला नाही, यावरून काय ते समजा.

मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर फिरत होतं की युरोपमध्ये ग्लिटरवर बंदी आली, मेकअपसकट सगळं बंद. अर्धवट आहे ते. युरोपियन युनियनचा नियम आला हे खरं, १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुटी प्लास्टिकची चमकी, म्हणजे क्राफ्टला वगैरे वापरतात ती, विकायला तिथे बंदी. पण मेकअपला, लिपस्टिकला आणि नेलपॉलिशला तब्बल २०३५ पर्यंत मुदत दिलीये, आणि २०३१ पासून त्या वस्तूंवर यात मायक्रोप्लास्टिक आहे असं छापावं लागणार. त्याच नियमात निसर्गात विघटन होणारी, पाण्यात विरघळणारी आणि काचेची-धातूची चमकी चालते असंही आहे. म्हणजे बंदी चमकण्यावर नाहीच, प्लास्टिकवर आहे. मला तो छापण्याचा भाग जास्त आवडला खरंतर, कारण आपल्याकडे घोडं तिथेच अडतं, डबीवर पुढे पान आणि मागे काहीच नाही.

तर आता पर्याय.

सगळ्यात जुना पर्याय अभ्रक. आजीच्या काळापासून रांगोळीत, गुलालात अभ्रकाची पूड असायचीच, आणि आज तुमच्या महागड्या हायलायटरमध्ये जो मऊसर झळाळ आहे तो बहुतेक वेळा अभ्रकाचाच असतो, त्याच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा नाहीतर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर देऊन सोनेरी, तांबूस, मोतिया असे रंग काढतात. खनिज आहे, प्लास्टिक नाही. पण इथे एक गोष्ट आहे जी हिरव्या पानवाले सांगत नाहीत. आपल्या देशात बरंचसं अभ्रक येतं झारखंडच्या कोडरमा, गिरिडीहकडून आणि बिहारच्या नवादाकडून, आणि तिथे बंद पडलेल्या, बेकायदेशीर खाणींमध्ये बारकी बारकी पोरं अभ्रकाचा भंगार चुरा वेचतात, ढिबरा म्हणतात त्याला तिकडे. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या शोधात दोन महिन्यांत सात मुलं खाणीत दगावल्याचं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी दाबल्याचं बाहेर आलं. त्यानंतर २०१७ मध्ये कंपन्यांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह म्हणून एक संस्था काढली, काम चालू आहे, पण जांभळी नाक्यावरच्या सुट्या पुडीतलं अभ्रक कुठल्या खाणीतून आलं हे तो दुकानदार काय सांगणार, त्यालाच माहीत नसतं. मग नॅचरल लिहिलंय म्हणून खूश होऊन घ्यायचं का? मला नाही जमत. माझ्या पोरीच्या वयाची पोरं आहेत ती.

म्हणून मी स्वतः सिंथेटिक अभ्रक वापरते. लेबलवर सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट असं जीभ वळणार नाही असं नाव असतं. नाव ऐकून लोक घाबरतात, अगं हे तर केमिकल! अहो लॅबमध्ये बनवलेलं अभ्रकच आहे ते, खाण नाही, पोरं नाहीत, प्लास्टिक नाही, आणि खाणीतल्या अभ्रकापेक्षा स्वच्छ असल्यामुळे चमक उलट जास्त येते. नॅचरल म्हणजे चांगलं आणि सिंथेटिक म्हणजे वाईट हे जे आपल्या डोक्यात भरवून ठेवलंय ना, या एका बाबतीत ते बरोब्बर उलटं आहे. याच्यापेक्षा कणदार, ग्लिटरच्या जवळ जाणारी चमक हवी असेल तर काचेच्या पातळ पापुद्र्यांची पण येते, लेबलवर बोरोसिलिकेट शब्द शोधा. काच म्हटल्यावर दचकू नका, कॉस्मेटिकसाठी बनवलेली असते ती, अगदी पातळ आणि बारीक. फक्त सुटी पूड डोळ्यात जाऊ देऊ नका, पण ते तर कुठल्याही पुडीला लागू आहे.

आता बायो ग्लिटर. त्याच्यातलं जे खरं असतं ते झाडाच्या लगद्यापासून, बऱ्याचदा निलगिरीच्या, काढलेल्या सेल्युलोजच्या फिल्मचं असतं. पण बायो या नावाखाली काहीही खपतं. काही ठिकाणी पीएलए असतं, मक्याच्या स्टार्चपासूनचं प्लास्टिक, ते कुजतं हे खरं पण मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये, साठ अंशाच्या आसपास गरमी मिळाली तर. ठाण्याच्या खाडीचं पाणी काय साठ अंशाला उकळतं का? काही ठिकाणी गाभा सेल्युलोजचा पण वर अॅल्युमिनियम आणि त्याच्यावर प्लास्टिकचाच पातळ थर, सुरुवातीची बरीचशी बायो ग्लिटरं अशीच होती. आणि काही ठिकाणी चक्क साधी चमकी हिरव्या डबीत भरलेली असते, त्याबद्दल मी अजून काही बोलत नाही. त्यातल्या त्यात भरवसा ठेवायचाच तर टीयूव्ही ऑस्ट्रिया या तपासणी संस्थेचा ओके बायोडिग्रेडेबल वॉटर हा शिक्का शोधा, त्याच्यासाठी साध्या तापमानाच्या गोड्या पाण्यात ५६ दिवसांत किमान ९० टक्के विघटन दाखवावं लागतं. गोड्या पाण्यात हं. खाडी खारी आहे, हे माझं मीच लक्षात ठेवते.

आणि विघटन होतं म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. इंग्लंडच्या अँग्लिया रस्किन युनिव्हर्सिटीने केलेला एक प्रयोग २०२० मध्ये आला होता, त्यांनी टाक्यांमध्ये नदीसारखी परिस्थिती करून पीईटी, सेल्युलोजची आणि अभ्रकाची अशी वेगवेगळी चमकी टाकली आणि ३६ दिवसांनी बघितलं. तर पाण्यावर तरंगणाऱ्या बारक्या वनस्पतींची मुळं आखूड झाली, पाण्यातलं हरितद्रव्य कमी झालं, आणि हे सगळ्याच प्रकारच्या चमकीने झालं, फक्त पीईटीने नाही. सेल्युलोजवाल्या टाकीत तर एक उपद्रवी गोगलगाय दुप्पट झाली. बायो घेतलं म्हणजे ओता कितीही असा अर्थ काढू नये एवढं त्याच्यातून नक्की कळतं. हे वाचल्यापासूनच माझं मत बनलं की डबी बदलून भागणार नाही, चिमूटच लहान करायला पाहिजे.

यात मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे केंब्रिज युनिव्हर्सिटीचं काम, २०२१ चं. त्यांनी सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक असे रचले की त्याला रंग न घालताच रंग दिसतो, मोराच्या पिसात असतो तसला प्रकार, प्रकाश पडून रचनेमुळे निळा-हिरवा झळकतो. ना अॅल्युमिनियम ना प्लास्टिक ना रंग. हे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात आलं ना, तर मी पहिली रांगेत.

तोपर्यंत काय करते ते सांगते, कारण विचारणाऱ्यांना खरंतर एवढंच हवं असतं. पापणीवर आधी क्रीमचा नाहीतर जेलचा चिकट बेस, मग शिमर कोरड्या ब्रशने न झटकता ओल्या ब्रशने किंवा सरळ बोटाने दाबून बसवायचा, पापणीच्या मधोमध आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात. दाबून लावलेला शिमर धातूसारखा दिसतो, गळत नाही, गालावर सांडत नाही आणि सामान अर्ध्यात भागतं. खरंच ग्लिटर पाहिजे तर शेवटी सेल्युलोजच्या चमकीचे अगदी चार कण बोटाने टेकवायचे, फक्त मधोमध, लाइट तिथेच पडतो, बाकी पापणीभर थापलेलं कुणाला दिसतही नाही. गरब्याला चेहऱ्यावर डिझाइन पाहिजे असेल तर मी कुंदन, आरसे, टिकल्या चिकटवते. ते पण बऱ्याचदा प्लास्टिकच असतं, हो माहितीये, पण दिसतं, काढता येतं, आणि काढून परत डबीत जातं, पुढच्या वर्षी पुन्हा.

काढताना मात्र थेट तोंड धुवायचं नाही. आधी कापसावर खोबरेल तेल, हळूच पुसून घ्यायचं, तो कापूस कचऱ्याच्या डब्यात, मग फेसवॉश. वेट वाइप्स नको, त्यातले बरेचसे स्वतःच पॉलिस्टरचे असतात, म्हणजे एक प्लास्टिक पुसायला दुसरं. कपाळावर, गळ्यावर सुटे कण राहिले तर कागदी चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टेकवली की निघतात. ब्रशसुद्धा आधी टिश्यूवर पुसून मगच धुते. याला फार तर पाच मिनिटं जास्त लागतात, आणि रात्री एक वाजता ती पाच मिनिटं जिवावर येतात हे मलाही मान्य आहे.

एक गोष्ट शाळांसाठी. गॅदरिंगच्या आधी पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, मुलींना गालावर आणि डोळ्यांवर चमकी लावून पाठवा. आणि आया जाऊन स्टेशनरीच्या दुकानातून क्राफ्टची दहा रुपयांची पुडी आणतात. प्लास्टिकचं राहू दे बाजूला, ती डोळ्यांजवळ लावायची वस्तूच नाही, कडा धारदार असतात, पोरं डोळे चोळतात आणि बुबुळाला ओरखडा जाऊ शकतो. बाईंना कुणी सांगायचं म्हणून सगळ्या गप्प. अहो सांगा ना, बाई काय खाणार आहेत का? पोरीला स्टेजवर लाल टिकली, काजळ आणि गालावर थोडा शिमर एवढं पुष्कळ होतं, प्रेक्षकांतून मोबाईल वर धरलेल्या बापाला तसंही काहीच दिसत नसतं.

आणि लगेच म्हणू नका की लोक ऐकत नाहीत. २०१८ ला राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीचं मखर कशाचं करायचं म्हणून केवढी रडारड झाली होती, आता कागदाची, कापडाची, पुठ्ठ्याची मखरं इतकी सुंदर मिळतात की थर्माकोलची आठवणही येत नाही. मखराला नियम होता, चमकीला आपल्याकडे अजून कुणी हात लावलेला दिसत नाही, एवढाच फरक.

डबी उलटी केली की काय शोधायचं ते परत एकदा, ज्यांना सेव्ह करून ठेवायचंय त्यांनी ठेवा. पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट किंवा पीईटी दिसलं, नाहीतर पॉलियुरेथेन-३३ दिसलं, की खाली ठेवायची. लिक्विड ग्लिटर आयशॅडोमध्ये आणि नेलपॉलिशमध्ये हे हमखास लपलेलं असतं. मायका किंवा सीआय ७७०१९ म्हणजे अभ्रक, कुठलं ते कंपनीला विचारा. सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट आणि बोरोसिलिकेट चालेल. आणि मागे काहीच छापलेलं नसेल, तर पुढे पान असो, कासव असो, अख्खं जंगल असो, घेऊ नका.

आता माझं काम. ठाण्यात किंवा नवी मुंबईत सेल्युलोजची चमकी, मागे पूर्ण घटक छापलेली, कुठल्या दुकानात मिळते का? ऑनलाइन नको, डबी हातात घेऊन बघायचीये. माहीत असेल तर दुकानाचं नाव आणि डबीच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, पुढच्या बाजूचा नको. घटस्थापनेच्या आधी कळलं तर बरं, नणंदेची ऑर्डर पहिल्याच दिवसाची आहे.